पुण्याचें इंजिनिअरिंग कॉलेज आणि आमचें घर

सन २०२४ च्या श्रावणांत आमच्या पंचवटींतील घरीं एक पेंच उभा राहिला. आमच्या धाकट्या भावाच्या नातीला, आणि एकत्र कुटुंबाच्या हिशेबानें ती आमचीहि नातच, दोन ठिकाणीं प्रवेश मिळण्याजोगा होता. एक ठिकाण नाशकांतलेंच, घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवरचें खासगी कॉलेज, आणि विषय संगणकाचा. दुसरें पुण्याचें जुनें इंजिनिअरिंग कॉलेज, आणि विषय स्थापत्याचा. म्हणजे माती, दगड, सिमेंट, पूल आणि धरणें.

ज्यांच्या घरीं बारावी झालेलें मूल आहे त्या वाचकांस पुढचें सांगावयास नकोच. आमच्या घरांत लहानमोठीं धरून चौदा माणसें. त्यांपैकीं बाराजणांचें मत संगणकाच्या बाजूस पडलें. तेरावी ती स्वतः. आणि चौदावा आमचा भाऊ, जो त्या दिवसांत मान वर न करतां जेवी आणि उठून जाई. त्या बारांत आम्हीहि होतों, हें आधींच सांगून टाकलेलें बरें.

सूनबाईंचा मुद्दा नोकरीचा होता आणि तो खोटा नव्हता. आमच्या सौ.चा मुद्दा निराळा. “मुलीच्या जातीनें उन्हातान्हांत उभें राहून गवंड्यांवर ओरडावयाचें, हें काय शिक्षण झालें?” त्यावर पोरीनें शांतपणें सांगितलें कीं, मद्रासजवळच्या गिंडीच्या कॉलेजांतून १९४३ सालींच स्त्रिया इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून १९५३ सालीं स्थापत्याची पदवी घेतलेल्या शकुंतला भगत यांनीं तर पतीसह पूल बांधण्याची नवी पद्धतिच काढली, आणि १९७२ सालीं थेट हिमालयांत स्पितीला पूल उभा केला. सौ. म्हणाल्या, “केला असेल, त्यांच्या सासूबाईंना विचारलें होतें का कोणी?” सगळे हंसले, आणि वाद होता तेथेंच राहिला.

रात्रीं पोरगी आमच्या खोलींत आली. “मोठे आजोबा, तुम्ही चाळीस वर्षें मास्तर होतां. मुलांना म्हणत होतां, आधीं माहिती काढा, मग मत द्या. मग तुम्हीं मत दिलेंत तें कोणत्या माहितीवर?” आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, त्यापुढें जें शिकलों तें पाठशाळेंतलें संस्कृत. शाळेंत रूपें आणि समास घोटून घेण्यांत आमचें आयुष्य गेलें. इंजिनिअरिंग म्हणजे काय, तें कोठें, कसें आणि कशासाठीं शिकवूं लागले, ह्याचा विचार आम्हीं कधीं केलाच नव्हता. चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचावयास बसलों.

हिंदुस्थानांतील पहिली आगगाडी १८५३ च्या एप्रिलांत मुंबईहून ठाण्यास धांवली. पुढच्याच वर्षीं, १८५४ च्या जुलैंत, पुण्यास भवानी पेठेंत ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ अशा लांबलचक नांवाची शाळा निघाली. शाळा हाच शब्द तिला शोभतो. कारण इंजिनिअर तयार करावे असा सरकारचा मुळीं हेतुच नव्हता. इंजिनिअर साहेब विलायतेहून येत. त्यांच्या हाताखालीं मोजणीची साखळी धरावयास, मापें लिहावयास, गवंडी-बेलदारांवर देखरेख ठेवावयास एतद्देशीय माणूस पाहिजे होता. रस्ते, पूल, कालवे, इमारती, लोहमार्ग, सगळींच कामें एकदम निघालीं होतीं. उत्तरेकडे गंगेच्या कालव्यापायीं रुडकीस १८४७ सालीं असेंच एक कॉलेज निघालें होतें. सारांश, विद्येच्या हौसेनें नव्हे, तर कामाला माणसें कमी पडलीं म्हणून ही विद्या आपल्या प्रांतांत आली.

पण मग एक निराळीच गोष्ट घडली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि त्यानें आरंभापासून चार विद्याशाखा मानल्या: कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य. कालिदास, कायद्याची कलमें, नाडीपरीक्षा आणि पुलाची कमान हीं एकाच पंक्तीस बसलीं. पुण्याची ती शाळा १८६६ च्या सुमारास विद्यापीठास जोडली गेली. त्याच्या आदल्या वर्षीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं मुळा-मुठेच्या संगमाजवळ तिच्या नव्या इमारतीचा पाया घातला होता. १८६८ सालीं ती दगडी इमारत पुरी झाली आणि अद्याप उभी आहे. हाताखालचे कारकून घडविण्यास निघालेल्या शाळेंतून आतां विद्यापीठाचे पदवीधर निघूं लागले. ‘एल. सी. ई.’ हीं अक्षरें नांवापुढें लावणें मोठ्या मानाचें झालें.

मधल्या काळांत ह्या संस्थेचें नांव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ होतें, आणि तेथें जंगलाचे व शेतीचेहि वर्ग चालत. थिओडोर कुक हे तेथें दीर्घकाळ प्राचार्य होते. ते इंजिनिअर खरे, पण वनस्पतिशास्त्रांतले मोठे पंडित. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झाला, आणि सह्याद्रींत हिंडणारे अभ्यासक अजूनहि तो उघडतात. पूल बांधावयास शिकविणारा मनुष्य डोंगरांतल्या गवताची जात ठरवीत बसतो, हें आम्हांस फार आवडलें. पुढें शेतीचें कॉलेज निराळें झालें. १९११ सालीं संस्थेस ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ हें नांव मिळालें. यंत्रविद्येची शाखा १९१२ च्या सुमारास आणि विजेची १९३२ सालीं सुरू झाली. १९४९ त पुणें विद्यापीठ झाल्यावर कॉलेज त्याच्या छत्राखालीं गेलें, आणि २०२२ सालीं तें स्वतःच एक विद्यापीठ झालें. भवानी पेठेंतल्या त्या वर्गाला एवढें होण्यास एकशें अडुसष्ट वर्षें लागलीं.

येथवर वाचून झाल्यावर आम्हीं चष्मा काढून ठेविला. शुल्बसूत्रें आम्हीं पाठशाळेंत पाहिलीं होतीं. यज्ञवेदीच्या विटा कशा रचाव्या, चौरसाच्या क्षेत्राएवढें वर्तुळ कसें आंखावें, हें त्यांत सांगितलें आहे. आणि शुल्ब म्हणजे साधी मापाची दोरी. सूत्रधार हा शब्द आम्हीं मुलांना नाटकाच्या धड्यांत शिकविला. पण सूत्र धरणारा म्हणजे दोरीनें माप घेणारा कारागीर, आणि आपला सुतार हा त्याच शब्दाचा वंशज, हेंहि त्याच तासाला सांगत असूं. सांगत असूं एवढेंच. घरांत कोणी ती दोरी हातांत धरूं म्हणाला तेव्हां आम्ही काय केलें, तें पुढें येईल.

ह्या कॉलेजाचे सर्वांत थोर विद्यार्थी म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळुरास बी. ए. होऊन म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ति घेऊन ते पुण्यास आले आणि १८८३ च्या एल. सी. ई. परीक्षेंत पहिले आले. त्यांना जें पारितोषिक मिळालें तें जेम्स बर्कले यांच्या नांवाचें. आमच्या इगतपुरीखालच्या थळघाटांतून आगगाडी चढविण्याची योजना ज्यांनीं आंखली तेच हे बर्कले. आणि १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकामखात्यांत असिस्टंट इंजिनिअर म्हणून विश्वेश्वरय्यांची पहिली नेमणूक झाली ती आमच्या नाशकास! तेथून ते खानदेशांत धुळ्याकडे गेले. नाशकांत जन्म काढून ही गोष्ट आम्हांस ठाऊक नसावी, आणि आमच्या शाळेंतल्या एकाहि मुलास आम्हीं ती सांगितलेली नसावी, ह्याची लाज वाटली.

विश्वेश्वरय्यांचें खडकवासल्याचें काम आम्हीं पोरीकडून समजावून घेतलें. पुण्यास पाणी वाढवून पाहिजे होतें, पण धरणाची भिंत उंच करणें सोपें नव्हतें. म्हणून त्यांनीं १९०३ सालीं सांडव्यावर अशीं दारें बसविलीं कीं, पाणी ठराविक पातळीपर्यंत अडून राहावें, त्यावर चढूं लागलें कीं दार आपण होऊन उघडावें, आणि पूर ओसरला कीं आपण होऊन मिटावें. माणसानें रात्रीं पावसांत उभें राहून चाक फिरवावयास नको. पोरीनें वहींत चित्र काढून दाखविलें. व्याकरणांतला एखादा उत्सर्ग आणि त्याचा अपवाद एका सूत्रांत बसला म्हणजे जें समाधान होतें, तेंच तें चित्र पाहून आम्हांस झालें.

पण त्याच खडकवासल्याची दुसरी गोष्टहि आहे, आणि ती आमच्या घरांत फार पूर्वींपासून ठाऊक होती. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें. तें पुरें झालेलें नव्हतें, तोंच पावसाळ्यांत भरलें; पाणी सोडण्याचा जो मार्ग भरावाखालून काढला होता त्याच्यावरची माती खचली; जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं, पण धरण टिकलें नाहीं. तो लोंढा खडकवासल्यावर येऊन तेंहि फुटलें, आणि अर्धें पुणें पाण्याखालीं गेलें. आमचें आजोळ शनिवार पेठेंतलें. आजोळचें घर वाहून गेलें तेव्हां आम्ही चार वर्षांचे होतों. माणसें वांचलीं. पण त्यानंतर धरण हा शब्द निघाला कीं आमच्या मातोश्री बोलणें थांबवीत.

नाशकास पुराचें माप गंगेवर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. गुडघ्याला लागलें, कंबरेला लागलें, गळ्याला आलें, अशी वर्दी गल्लोगल्लीं फिरते. १९६९ चा पूर आम्हीं घाटाच्या पायऱ्यांवरून पाहिला, २००८ चा माडीवरून, आणि २०१९ चा नातवाच्या हातांतल्या फोनवर. हल्लीं मारुतीच्या गळ्याइतकेंच लोक दुसरें एक माप विचारतात: गंगापूर धरणांतून किती क्युसेक सोडलें? गंगापूर धरण मातीचें आहे, १९६५ सालीं पुरें झालेलें. आपण रोज पितों तें पाणी त्याच्याच पोटांतलें. दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’ म्हणून जी संस्था आहे, तिचें नांव पुष्कळांस एखाद्या मडमेचें वाटतें. पण तीं ‘महाराष्ट्र इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट’ ह्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत. १९५९ पासून तेथें धरणांची माती, दगड, सिमेंट, पाण्याचा वेग ह्यांची परीक्षा चालते. शाळेचीं मुलें घेऊन आम्ही एकदां तेथें गेलों होतों. पुण्याच्याच कॉलेजांत शिकलेल्या एका इंजिनिअरांनीं एका भांड्यांत माती घालून तीवर वजन आपटून दाखविलें होतें, आणि कागदावर डोंगरासारखी एक रेषा काढली होती. तेव्हां आम्हीं मुलांची हजेरी मोजण्यापलीकडे कशांत लक्ष घातलें नव्हतें. तीच रेषा पोरीनें आतां स्वयंपाकघरांत सौ.ना समजावून दिली. “आजी, पीठ कोरडें असलें तर भाकरी थापतांना चिरते, सैल झालें तर हाताला चिकटतें. मधें एक ओल अशी असते कीं भाकरी नीट थापली जाते. मातीचेंहि तसेंच. त्या नेमक्या ओलीवर ठोकली म्हणजे ती सर्वांत घट्ट बसते. ती ओल प्रत्येक मातीची निराळी. ती आधीं प्रयोगशाळेंत काढावयाची आणि मग धरणावर रोज तपासावयाची. अंदाजानें चालत नाहीं.” सौ. कांहीं बोलल्या नाहींत. मात्र परातींतल्या पिठावर पाण्याचा एक हबका मारून त्यांनीं पुन्हां पोरीकडे पाहिलें.

आतां आमच्या अपराधाकडे यावें लागतें.

आमचे वडील १९७७ सालीं वारले. घर, दोन बहिणींचीं लग्नें आणि धाकटा भाऊ आमच्या अंगावर आलीं. भाऊ गणितांत हुशार. सुटींत तो आळींतल्या गवंड्याबरोबर हिंडे. ओळंबा कसा सोडावा, पाणसळ कशी धरावी, गुण्यानें कोपरा कसा तपासावा हें त्याला सोळाव्या वर्षीं येत होतें. भिक्षुकाच्या घरांतला मुलगा चुन्याचे हात घेऊन घरीं येतो, हें आम्हांस बोंचत असे. १९७९ सालीं तो बारावी झाला. त्या काळीं महाराष्ट्रांत इंजिनिअरिंगचीं कॉलेजें बोटांवर मोजण्याइतकीं. खासगी कॉलेजांची वाट मोकळी झाली ती १९८३ सालीं. भावानें पुण्यास अर्ज केला, आणि ऑगस्टांत बोलावण्याचें पत्र आलें. हजर होण्याची शेवटची तारीख त्यांत दिली होती.

पत्र आमच्या हातीं पडलें. त्याच आठवड्यांत, ११ ऑगस्टला, गुजराथेंत मोरवीवरचें मच्छु धरण फुटलें होतें. वर्तमानपत्रें प्रेतांच्या बातम्यांनीं भरलीं होतीं. मातोश्री पुन्हां गप्प झाल्या होत्या. पैसा नव्हता हेंहि खरें. अशीं कारणें मनाशीं जुळवीत आम्हीं तें पत्र सिद्धान्तकौमुदीच्या पानांत ठेवून दिलें. भावाला तें दिलें चार दिवसांनीं, मुदतीला एक दिवस उरला असतां. वर आम्ही म्हणालों, “हीं धरणें अशीं फुटतात. आणि तूं तेंच शिकूं म्हणतोस?” तो म्हणाला, “फुटतात म्हणूनच शिकावें लागतें, दादा.” मग त्यानें पत्र वाचलें, तारीख पाहिली, पाकीट उलटून टपालाचा शिक्का पाहिला. शिक्का पाहिल्यावर त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं. “एका दिवसांत पैसे कसे उभे राहणार,” एवढेंच म्हणून त्यानें पत्र घडी घालून ठेवून दिलें. पुढें तो बी. कॉम. झाला, बँकेंत लागला, सचोटीनें नोकरी करून निवृत्त झाला. वाड्याची जी जी भिंत पडली आणि पुन्हां उभी राहिली, तिच्यावर ओळंबा सोडून पाहिल्याशिवाय त्यानें गवंड्यास पैसे दिले नाहींत. त्या पत्राचा उल्लेख त्यानें पंचेचाळीस वर्षांत केला नाहीं, आणि आम्हीहि केला नाहीं.

चौथ्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं सगळ्यांस बसवून घेतलें आणि ही हकीकत चौदाजणांसमोर सांगितली. सौ.नाहि ती नवी होती. कोणी कांहीं बोलेना. भावाचा मुलगा, पोरीचा बाप, जमिनीकडे पाहत होता. शेवटीं भाऊच म्हणाला, “तें जुनें झालें, दादा. मुलीचें काय तें ठरवा.”

संगणकाचा आम्हांस द्वेष नाहीं. एक नातू त्याच विद्येवर घर चालवितो, आणि त्याच्या पगारांतून आमच्या डोळ्यांचें ऑपरेशन झालें. स्थापत्यांत पहिल्या वर्षापासून मोठा पगार नाहीं, बदल्या आहेत, ऊन आहे, ठेकेदारांशीं भांडणें आहेत, हें आम्हीं पोरीस स्पष्ट सांगितलें. ती म्हणाली, “ठाऊक आहे.” मत बदललेल्यांत पहिले आम्ही. सूनबाईंचें मन आम्ही निघेपर्यंत पुरतें वळलें नव्हतें, आणि अजूनहि वळलें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

पोरीच्या बापाला रजा मिळाली नाहीं, तेव्हां आम्ही दोघे म्हातारे तिला घेऊन एस. टी.नें पुण्यास गेलों. संगमनेरपर्यंत भाऊ खिडकींतून रस्त्याचे मोऱ्या-पूल पाहत होता. त्यापुढें त्याला झोंप लागली. कॉलेजांत पोंचलों तेव्हां पाऊस भुरभुरत होता. फ्रिअरसाहेबाच्या वेळची ती दगडी इमारत भिजून काळी दिसत होती. आम्ही तिचें नक्षीकाम पाहत राहिलों. भाऊ भिंतीजवळ गेला, एक डोळा मिटून कोपऱ्याच्या रेषेंत वर पाहिलें, आणि कांहीं न बोलतां परत आला. नदीच्या बाजूस मुलांचा बोट क्लब आहे. येथल्या नौकांच्या शर्यती १९२८ पासून चालत आल्या आहेत. पोरीला तें पाहूनच जास्त आनंद झाला. वयच तें.

कारखान्याचें दार उघडें होतें. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेथें सुतारकाम, लोहारकाम करावें लागतें. ओबडधोबड लोखंडाचा तुकडा देऊन तो कानशीनें घासून चौरस करावयास सांगतात, आणि गुण्या लावल्यावर मधून उजेड दिसला तर पुन्हां घासावयास लावतात. तेथल्या शिक्षकांनीं आम्हां दोघांस आंत बोलाविलें. टेबलावर एका मुलाचा अर्धा घासलेला तुकडा पडला होता. भावानें तो उचलला, गुण्या लावला, खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाला, “डाव्या अंगाला जरा जास्त आहे.” शिक्षक म्हणाले, “आपण इंजिनिअर का?” भाऊ म्हणाला, “नाहीं, बँकेंत होतों.”

कचेरींत कागद तपासून झाले. पालकानें द्यावयाचें एक हमीपत्र होतें. कारकुनांनीं तें वडील म्हणून आमच्यापुढें सरकविलें. आम्हीं तें भावापुढें ठेविलें आणि पेन त्याच्या हातीं दिलें. त्यानें चष्मा पुसला, सगळा मजकूर सावकाश वाचला, आणि सही करण्यापूर्वीं थांबून आम्हांस विचारलें,

“दादा, आज तारीख कोणती?”

आम्हीं सांगितली.